भिवपुरी रोडच्या बाकावरून : लहान स्टेशनावर गाड्या बघण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कर्जत लाइनवर नेरळ आणि कर्जतच्या मध्ये भिवपुरी रोड नावाचं स्टेशन आहे. आमचं आजोळ तिथून जवळ. मामा कल्याणच्या इंजिनांच्या शेडमध्ये (इंजिनं ठेवायच्या-दुरुस्त करायच्या जागी) फिटर होते. त्यामुळे सुट्टीत इतर मुलं पत्ते कुटायची आणि मी प्लॅटफॉर्मवर वही घेऊन बसायचो. या छंदाबद्दल लोक जे नेहमी विचारतात त्याची उत्तरं एकदाच लिहून ठेवतो आहे.

नुसत्या गाड्या बघायच्या? म्हणजे नक्की करायचं काय?

बसायचं. गाडी आली की इंजिनाचा नंबर, शेडचं नाव, कोणती गाडी, किती उशिरा, एवढं वहीत उतरवायचं. गाडी गेली की पुन्हा बसायचं. विलायतेत या छंदाला १९४०च्या दशकात मोठं उधाण आलं; इयान ॲलन नावाच्या रेल्वे कारकुनाने इंजिनांच्या नंबरांच्या पुस्तिका छापल्या आणि शाळकरी पोरं त्यात दिसलेल्या इंजिनावर रेघ मारत सुटली. आपल्याकडे अशी पुस्तिका कधी हातात आली नाही. आमची यादी आम्हीच करायची, आणि ती पुरी झाली की नाही हे कळायला मार्ग नव्हता. मला वाटतं त्यातच जास्त मजा होती.

पण भिवपुरीच का? दादर-कल्याणला कितीतरी जास्त गाड्या दिसतात.

दादरला गाड्या नाही दिसत, माणसं दिसतात. गाडी बघायची तर ती न थांबणारं स्टेशन शोधावं. थांबलेली गाडी म्हणजे हमाल, चहावाले आणि दारातली रेटारेटी. भिवपुरीला लोकलशिवाय काही थांबत नव्हतं. बाकी सगळं धडधडत निघून जायचं, आणि ते तुमच्यापासून चार हातांवरून.

एका बाजूला माथेरानचा डोंगर, दुसऱ्या बाजूला उल्हास नदीचं खोरं आणि त्यापलीकडे सह्याद्रीची मुख्य रांग. मधल्या वेळात लोकल तासाला एखादी. ती गेली की प्लॅटफॉर्मवर उरायचं कोण, तर कर्जतच्या बाजाराला निघालेल्या, गाडी चुकलेल्या दोन ठाकरं बायका, त्यांच्या टोपल्या, आणि बाकाखालचं कुत्रं.

थ्रू गाडी यायची तेव्हा आधी डोक्यावरची तार बारीक थरथरायची. मग कुत्रं उठून भिंतीला जायचं. इंजिनाचा आवाज जेमतेम दोन-तीन सेकंदांचा, पण त्याने पायाखालची फरशी हलायची. मागोमाग डब्यांची खडखड, खिडक्यांच्या गजांमागे अर्धवट चेहरे, कुणीतरी हात धुऊन फेकलेल्या पाण्याचा शिंतोडा, संडासाचा आणि गरम ब्रेकचा मिसळलेला वास. शेवटी गार्डच्या डब्याच्या दारात पांढऱ्या कपड्यातला माणूस हिरवा झेंडा घेऊन उभा. प्लॅटफॉर्मवरचा पोर्टरही त्याला तसाच झेंडा दाखवायचा. वाळकी पानं आणि कागदाचे कपटे थोडं अंतर गाडीमागे पळायचे आणि खडीत बसायचे. हे दादरला बघून दाखवा.

त्या वेळी कोणत्या गाड्या दिसायच्या?

घाटावर आणि दक्षिणेत जाणाऱ्या जवळजवळ सगळ्याच. उद्यान, चेन्नई मेल (आमच्या तोंडी मद्रास मेल), सिद्धेश्वर, कोणार्क, कोयना, महालक्ष्मी, सह्याद्री. कन्याकुमारीची जयंती जनता आली की आम्ही डबे मोजायचो आणि त्यात बसलेल्या लोकांची कीव करायचो, कारण त्यांना अजून दीड-दोन दिवस तिथेच बसायचं असायचं. ती गाडी आता पुण्याहूनच सुटते. कोल्हापूरची सह्याद्री कोविडनंतर मुंबईपर्यंत येईनाशी झाली. सिंहगडला एकेकाळी डबलडेकर डबे होते. त्यांच्या खालच्या मजल्यावरच्या लोकांची डोकी प्लॅटफॉर्मच्या पातळीला यायची, ते बघायला आम्ही मुद्दाम खाली वाकायचो.

आणि अर्थात डेक्कन क्वीन. १ जून १९३० पासून धावणारी ही गाडी संध्याकाळी पाच-दहाला मुंबई सोडते आणि दिवेलागणीच्या सुमारास इथून जाते. आमच्या लहानपणी तिचे डबे निळे-पांढरे होते. डायनिंग कारमधले दिवे लागलेले असायचे आणि टेबलाशी बसून कटलेट खाणारी माणसं एका क्षणापुरती दिसायची. मामी म्हणायच्या, “क्वीन गेली, कुकर लावा.” २२ जून २०२२ पासून तिला नवे एलएचबी (मूळ जर्मन बनावटीचे) डबे आणि नवा रंग मिळाला. डायनिंग कार राहिली आहे, एवढं बरं केलं. नवा रंग मला आवडत नाही. पुण्याच्या भाच्याला आवडतो.

इंजिनावरची अक्षरं कशी वाचायची?

पहिलं अक्षर रुळांच्या रुंदीचं. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, वाय म्हणजे मीटरगेज, झेड आणि एन म्हणजे नॅरोगेज. पुढचं अक्षर कशावर चालतं ते सांगतं: डी डिझेल, सी डीसी वीज, ए एसी वीज, आणि सीए दोन्हींवर. मग काम: पी पॅसेंजर, जी गुड्स, एम दोन्ही. शेवटचा आकडा मॉडेलचा. म्हणजे डब्ल्यूएजी-७ हे ब्रॉडगेजवरचं, एसी विजेवरचं, मालगाडीचं इंजिन. एवढं पाठ झालं की अर्धा छंद आला.

नंबरातही ओळख असते. आमच्या वेळी २० ने सुरू होणारा पाच आकडी नंबर म्हणजे डीसी इंजिन, २१ ने सुरू होणारा म्हणजे दोन्ही विजांवरचं. त्यातलं २००८३ हे आमच्यासाठी देवच. चित्तरंजनच्या कारखान्यात १९६१ साली बनलेलं तिथलं पहिलं विजेचं इंजिन, डब्ल्यूसीएम-५ जातीचं, नाव ‘लोकमान्य’. पंडित नेहरूंच्या हस्ते ते रेल्वेच्या सेवेत आलं. मामांनी त्याच्यावर हात फिरवला होता आणि हे ते दर सुट्टीत नव्याने सांगायचे.

वाफेची इंजिनं पाहिली असतील ना? धूर, शिट्टी वगैरे?

नाही. कल्याण-पुणे मार्गावर १९२९ सालीच वीज आली. या लाइनवरच्या ‘अगीनगाडी’च्या आठवणी सांगणारा माणूस एकतर शंभरीपुढचा आहे किंवा त्याला नेरळ-माथेरानची छोटी गाडी आठवते आहे.

डीसी गेलं, डीसी गेलं म्हणून हळहळता. नक्की गेलं काय?

मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ ला पहिली विजेची गाडी व्हीटी ते कुर्ला धावली ती १५०० व्होल्ट डीसीवर. तीच वीज पुढे इकडे पुण्यापर्यंत आणि तिकडे इगतपुरीपर्यंत गेली. उरलेल्या देशाने नंतर २५,००० व्होल्ट एसी स्वीकारली आणि आपण मधल्या मध्ये वेगळे राहिलो. म्हणून आपल्याकडची डीसी इंजिनं देशात दुसरीकडे कुठेच दिसायची नाहीत. हेच मुंबईच्या गाडीवेड्याचं वैभव होतं.

कमी व्होल्टेज म्हणजे करंट जास्त, तार जाड, आणि दर काही किलोमीटरवर सबस्टेशन. रेल्वेला ते परवडेना, आणि ते बरोबरच होतं. टप्प्याटप्प्याने बदल होत २०१६ साली हार्बरवरची शेवटची डीसी लोकल धावली आणि विषय मिटला. मधली काही वर्षं दोन विजांच्या सीमेवर लोकल यायची तेव्हा दिवे-पंखे बंद पडायचे, अख्खा डबा चूप व्हायचा आणि गाडी नुसती घरंगळत पुढे जायची. नव्या माणसाला वाटायचं बिघाड झाला. जुने लोक पेपरची घडी तशीच धरून दिवा येण्याची वाट बघायचे.

गेलं काय, तर आवाज. जुन्या डीसी लोकलची मोटर सुटताना खालच्या पट्टीत गुरगुरायची आणि पायरी-पायरीने वर चढायची. डोळे मिटून कोणता रेक, म्हणजे डब्यांचा कोणता संच, आहे ते ओळखता यायचं. आता नव्या रेकची शीळ वाजते. ती वाईट नाही. पण तिच्यावरून ओळखायचं असं काही नाही.

आणखी एक आवाज गेला, त्याची आठवण कुणी काढत नाही. पूर्वी रुळांचे जोड जवळजवळ होते, मध्ये फिशप्लेट, म्हणजे दोन रूळ जोडणारी पट्टी. त्यावरून चाक गेलं की ठेका यायचा आणि ठेक्यावरून वेग कळायचा. आता रूळ लांबच्या लांब वेल्ड केलेले. प्रवास मऊ झाला, ठेका संपला.

मोबाइल नव्हता तेव्हा गाडी येतेय हे कसं कळायचं?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न, म्हणून जरा सविस्तर.

घरात रेल्वेचं छापील वेळापत्रक असायचं, पण त्यात भिवपुरीचं नाव फक्त लोकलपुढे. थ्रू गाडीची वेळ कल्याण आणि कर्जतच्या वेळांवरून अंदाजाने काढायची. तो अंदाज उशिराने धावणाऱ्या गाड्या रोज मोडायच्या. मग सिग्नल. लोकलची वेळ नाही आणि तरी समोरचा सिग्नल हिरवा झाला, म्हणजे काहीतरी थ्रू येतंय. ते काय असेल यावर पैजा. मामांचा मुलगा हॉर्नवरून सांगायचा. त्याचं निम्म्या वेळा चुकायचं, पण तो कधी मान्य करायचा नाही. मी रुळांकडे बघायचो. नेरळकडून इंजिन बरंच लांब असलं तरी रुळांतून एक बारीक झीं येतो. संध्याकाळी हेडलाइट: इंजिनाचा झोत वेगळा, लोकलचा वेगळा, आणि वळणावर तो झाडांवरून कसा सरकतो त्यावरून वेग.

आणि यातलं काही नसताना नुसतं बसायचं. मालगाडी येईल म्हणून बसावं तर काहीच यायचं नाही. काही येणार नाही म्हणून उठावं तर जिन्यावर असताना मागून मद्रास मेल निघून जायची, आणि नंबर राहायचा.

आता फोनवर सगळं दिसतं. गाडी शेलूला आहे, सहा मिनिटं उशीर, इंजिन अमुक शेडचं. मीही बघतो. बघितल्यावर ती सहा मिनिटं मोकळी होतात आणि मी दुसरं काहीतरी वाचत बसतो. गाडी येते तेव्हा मान वर करतो. आठवण येते ती गाड्यांची कमी, आणि त्या न कळण्याची जास्त.

बँकर म्हणजे काय? सगळे गाडीवेडे त्यावर का बोलतात?

कर्जतच्या पुढे बोरघाट. चढ ३७ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. पुढचं एकटं इंजिन भरलेली गाडी घेऊन तो चढू शकत नाही, म्हणून कर्जतला मागून दोन-तीन इंजिनं लावतात. तीच बँकर. लोणावळ्याला ती सुटतात आणि पुन्हा खाली येतात. मागचे आणि पुढचे ड्रायव्हर हॉर्नच्या खुणांनी एकमेकांशी बोलतात आणि कर्जतच्या प्लॅटफॉर्मवर उभं राहून ते ऐकण्यासारखं असतं. मागून बँकर टेकतात तेव्हा सगळ्या गाडीला बसणारा हलका धक्का अनेकांना फक्त वडापाव विकत घेण्याची खूण म्हणून माहीत आहे.

घाट १८६३ साली खुला झाला तेव्हा मध्ये गाडीची दिशा उलटवणारं रिव्हर्सिंग स्टेशनही होतं. १९२९ साली नवा मार्ग काढून ते टाळलं. १० फेब्रुवारी २०२३ ला सुरू झालेली सोलापूरची वंदे भारत मात्र बँकरशिवाय घाट चढते, कारण तिच्या मोटरी गाडीभर विभागलेल्या आहेत. पहिल्यांदा बघितलं तेव्हा शेपटीला काहीच नाही हे डोळ्याला पटेना.

फलक आणि डब्यांवरचे आकडे यांचा अर्थ काय? मुलगा विचारून भंडावतो.

त्याला हे सांगा, आठवडा निघेल. रुळांशेजारी पिवळ्या पाटीवर ‘सी/फा’ लिहिलेलं असतं: सीटी, फाटक. पुढे फाटक आहे, हॉर्न दे. गाडीच्या शेवटच्या डब्यावर मोठी फुली असते आणि ‘एलव्ही’ची (लास्ट व्हेइकल, शेवटचा डबा) पाटी. ती दिसली की स्टेशनातल्या माणसाला कळतं, गाडी अख्खी आली, मध्ये तुटून मागे काही राहिलं नाही. डब्याच्या नंबरातले पहिले दोन आकडे म्हणजे तो बनला ते वर्ष. ९६ने सुरू होत असेल तर १९९६चा. इंडिकेटरवर ‘एस’ म्हणजे कर्जत, ‘एन’ म्हणजे कसारा, ‘केपी’ म्हणजे खोपोली. मुंबईकडे जाते ती अप, मुंबईपासून लांब जाते ती डाऊन, मग ती घाट का चढेना.

फोटो काढू देतात का? पोलीस हटकतात का?

हटकतात. मोबाइलवर दोन फोटो काढणाऱ्याला सहसा कोणी काही म्हणत नाही. मोठा कॅमेरा आणि तिपाई काढली की प्रश्न सुरू. व्यावसायिक चित्रीकरणाला रीतसर परवानगी लागतेच. आधी स्टेशन मास्तरांना भेटून, नाव सांगून, ‘गाड्यांचे फोटो काढतो, चालेल ना साहेब?’ विचारावं. नाही म्हणाले तर कॅमेरा बॅगेत. वाद घालू नये. त्यांची ड्यूटी आहे, तुमची सुट्टी. एका मोठ्या जंक्शनवर माझी वही तपासली गेली. नंबरांची पानंच्या पानं बघून त्या जवानाने शेवटी विचारलं, “पगार मिळतो का याचा?” आणि वही परत दिली.

तिकीट हवंच. प्लॅटफॉर्म तिकीट दोन तासांचं असतं, त्यापेक्षा पुढच्या स्टेशनाचं रिटर्न काढलेलं बरं.

लहान मुलांना न्यावं का?

न्यावं, हात धरून. पिवळ्या रेषेच्या बरंच मागे बसावं. रूळ ओलांडणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, आणि गुन्हा नसता तरी न थांबणारी गाडी वाटते त्यापेक्षा फार लवकर येते. वरच्या तारेत २५,००० व्होल्ट आहेत, त्यामुळे पुलावरून सेल्फी स्टिक, छत्री, काठी काहीही बाहेर काढू नये.

१७ एप्रिल २०२१ ला याच लाइनवर वांगणीला एक लहान मुलगा प्लॅटफॉर्मवरून रुळांवर पडला. त्याच्या आईला दिसत नव्हतं. समोरून उद्यान एक्स्प्रेस येत होती. पॉइंट्समन मयूर शेळके रुळांतून धावत गेले, मुलाला वर ढकललं आणि स्वतः वर चढले. मागोमाग गाडी गेली. सीसीटीव्हीचं ते चित्रण सगळ्यांनी पाहिलं आहे. मिळालेल्या बक्षिसातली निम्मी रक्कम त्यांनी त्या मायलेकांना दिली. मुलांना घेऊन जाण्याआधी ते चित्रण पालकांनी पुन्हा एकदा बघावं.

पावसाळ्यात जाण्यासारखं आहे का?

सुंदर दिसतं, पण उल्हास नदीवर भरवसा ठेवू नका. जुलै २०१९ मध्ये बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. मुसळधार पाऊस असेल तर घरी बसून जुनी वही चाळा.

खायला काय मिळतं?

भिवपुरीला फारसं काही नाही. मे महिन्यात पानांच्या द्रोणात करवंदं आणि जांभळं विकायला येतात, ती घ्यावीत. भूक असेल तर एक स्टेशन पुढे कर्जतला जाऊन दिवाडकरांचा वडा खावा.

घरचे म्हणतात यात वेळ वाया जातो. काय सांगू?

जातो. हो म्हणा आणि डबा भरून घ्या.

आता तिथे बघण्यासारखं काही उरलंय का?

पुष्कळ. लोकांना वाटतं जुनी इंजिनं गेली म्हणजे छंदच संपला. मामांच्या पिढीला वाटायचं की खरी मजा ‘क्रोकोडाइल’ इंजिनांबरोबर गेली आणि आमची पोरं फालतू डब्ब्यांवर खूश आहेत. ती लांब नाकाची, दोन्ही टोकांना निमुळती इंजिनं १९२०च्या दशकाच्या अखेरीस खास घाटातल्या मालगाड्यांसाठी आली होती. आज माझा भाचा डब्ल्यूएपी-७ दिसलं की उड्या मारतो, आणि मला त्यात विशेष काही दिसत नाही. त्याच्या वहीत, म्हणजे फोनमध्ये, शेडनुसार तक्ते आहेत. ‘ऑफलिंक’ इंजिन मिळालं, म्हणजे ठरलेल्याऐवजी भलत्याच शेडचं इंजिन गाडीला लागलं, तर तो मला रात्री अकराला फोन करतो.

स्टेशन बदललं आहे. पुठ्ठ्याची तिकिटं गेली, कूपन पंच करायची लाल पेटी आली आणि तीही गेली. आजूबाजूला इमारती उठल्या, फार्महाऊसच्या जाहिराती लागल्या, शनिवार-रविवारी धबधब्यावर जाणाऱ्यांची झुंबड असते. मंगळवार-बुधवार दुपारी जा. बाक मोकळा मिळेल.

मी मुंबईत राहत नाही. मी कुठे बसू?

पुणेकरांना मळवली किंवा कामशेत. लोहगड-विसापूर समोर आणि गाड्या त्याच, फक्त घाट चढून दमलेल्या. नाशिककरांनी इगतपुरीला जावं, तिथे कसारा घाटाचे बँकर सुटताना दिसतात. सोलापूरकरांनी कुर्डुवाडीला जाऊन जुन्या बार्शी लाइट रेल्वेच्या खुणा शोधाव्यात. नॅरोगेज गेली तरी वर्कशॉप गावाच्या अंगात आहे. नागपूरला मोतीबागेत नॅरोगेजचं संग्रहालय आहे, कंटाळलेल्या मुलांना तिथे न्यावं. घराबाहेर पडायचंच नसेल तर पुण्यात कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम बघा, तिथे गाड्या वेळेवर येतात.

डोंबिवलीकरांनी ठाकुर्ली धरावं, पण सकाळी नऊला नको. तेव्हा तिथे बघणाऱ्याला उभं राहायलाही जागा नसते आणि लोक तुम्हाला गाडीत ढकलून मोकळे होतात.